तिसऱ्या खुर्चीवरचा बाण

सूनबाई काय काम करते, हे सासऱ्यांना कधी पटलंच नाही. कळलं नाही असं नव्हे. तिने दोन-तीनदा समजावून सांगितलं होतं आणि सांगितलेलं त्यांच्या डोक्यात जायचंही. पटायचं नाही, एवढंच.

ती पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात पुस्तिकांच्या विभागात होती. पंप विकला की त्याच्यासोबत त्याची माहितीपुस्तिका द्यावी लागते. पूर्वी ती छापून जायची, आता कॉम्प्युटरवर उघडायची फाईल जाते. त्या फाईलमध्ये पंपाचं मोठं चित्र असतं. सूनबाईने त्या चित्रातल्या एकेका भागाभोवती माउसने रेघ ओढायची. झडप असेल तर गोल, मोटरची पेटी असेल तर चौकोन, वाकडी नळी असेल तर टिंब टिंब देत वळणावळणाने जायचं आणि शेवटचं टिंब पहिल्याला आणून जोडायचं. मग त्या बंद केलेल्या तुकड्याला पत्ता द्यायचा, की इथे क्लिक केलं तर अमुक पानावर जा. वाचणाऱ्याला रेघ दिसत नाही, नुसतं चित्र दिसतं. पण त्याने माउसचा बाण झडपेवर नेला की बाणाचा हात होतो, बोट पुढे केलेला एवढासा पांढरा हात. दाबलं की झडप कशी दुरुस्त करायची ते पान समोर येतं.

"म्हणजे बघा," सासरे दाढीला बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमची सूनबाई न दिसणारे चौकोन काढते आणि कंपनी तिला दिसणारा पगार देते. मी न दिसणारे केस कापले असते तर आज बंगला असता माझा!"

गिऱ्हाईक हसायचं, वस्तरा गालावरून क्षणभर उचलला जायचा, आणि सासरे पुढच्या विषयाकडे वळायचे. विषयांना तोटा नव्हता. चौकातल्या त्यांच्या सलूनवर पाटी होती ती कुणी वाचायचं नाही, सगळे म्हणायचे, "रेडिओकडे जाऊन येतो." सकाळी शटर वर गेलं की रेडिओ सुरू, शटर खाली आलं की बंद. मधल्या वेळात कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाच्या जावयाचं बिनसलं, कुठल्या डॉक्टरचा हात हलका आणि कुठल्याचा जड, सगळं त्या आरशासमोर ऐकायला मिळायचं. केस कापून झाल्यावरही माणसं बाकावर रेंगाळायची.

चौकाच्या दुसऱ्या बाजूला, बरोबर समोर, आणखी एक सलून होतं. तिथला न्हावी अबोल. "किती बारीक?" एवढंच विचारायचा. रेडिओ त्याचं नाव घेत नसत. "तो पलीकडचा," म्हणायचे. "जा त्या पलीकडच्याकडे, गवत कापल्यासारखं कापून देईल." पलीकडच्याला कुणी रेडिओबद्दल विचारलं तर तो नुसती मान उडवायचा. सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होतं की या दोघांचं जन्मात पटायचं नाही.

आणि मग एके दिवशी दुपारच्या जेवणानंतर रेडिओंनी हात धुवायला नळ उघडला आणि तो बंद करता येईना. उजवा हात ऐकेना. "काय झालं हो?" म्हणून सासूबाई धावल्या, तर तोंडातून शब्दाऐवजी नुसता घोगरा आवाज आला.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा काठीच्या आधाराने चार पावलं टाकता येत होती. उजवा हात मांडीवर पडून असायचा. डोळे पूर्वीसारखेच तल्लख होते. डॉक्टरांनी सांगितलं, यांना सगळं कळतंय, माणसं ओळखू येतायत. फक्त शब्द सापडत नाहीत, आणि लिहायला घेतलं तर अक्षरंही सापडत नाहीत.

एक शब्द मात्र उरला होता. "बरं."

पाणी हवं तरी "बरं". पाणी नको तरी "बरं". मुलाने पाय धरून रडायला सुरुवात केली तेव्हा त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवून "बरं, बरं". आणि रागाने ताट ढकलून दिलं तेव्हाही तोच शब्द, दातओठ खात.

सासूबाई स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकल्या. "जन्मभर कानीकपाळी ओरडले, की अहो जरा गप्प बसा," त्या सूनबाईला म्हणाल्या, "ऐकलं नाही ते नाही. आणि ऐकलं ते असं!" त्या हसायला गेल्या आणि पदर तोंडाशी धरून रडल्या.

आठवड्यातून दोनदा वाचेवर उपचार करणाऱ्या बाई यायच्या. घरात त्यांना 'शब्दवाल्या बाई' हे नाव पडलं. चांगल्या होत्या, चिकाटीच्या होत्या. त्यांनी एक पुठ्ठा आणला, त्यावर चित्रं: पेला, ताट, पलंग, संडास, औषधाची बाटली. "आजोबा, जे हवं त्याच्यावर बोट ठेवायचं," त्या म्हणाल्या. रेडिओंनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि पुठ्ठा उचलून पलंगाखाली टाकला.

"चिडतात सुरुवातीला," बाई म्हणाल्या.

सूनबाईने तीच चित्रं लॅपटॉपवर घेतली, मोठी केली, प्रत्येकाभोवती आकृती काढून पत्ते दिले. पेल्यावर दाबलं की निळं पान, त्यावर 'पाणी', सोबत तिच्याच आवाजात 'मला पाणी हवंय'. माउस डाव्या बाजूला लावून दिला. अशा फाईलमध्ये चित्रातली जागा उघडायला कीबोर्डवरचं बटण धरून क्लिक करावं लागतं. एका हाताच्या माणसाला ते कसं जमणार, म्हणून तिने फाईल नुसत्या वाचनासाठी करून टाकली, म्हणजे साधं क्लिक पुरेल. बारीकसारीक सगळं केलं. रेडिओंनी एकदा पेला दाबला. तिचा आवाज म्हणाला, मला पाणी हवंय. त्यांनी शेजारच्या स्टुलावरचा तांब्या डाव्या हाताने उचलला, घटाघटा पाणी प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि तिच्याकडे असं पाहिलं, की तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एका नव्या पंपाच्या चित्रावर रेघ ओढताना ती मध्येच थांबली. पाणी त्यांना हाताच्या खुणेनेही मागता येत होतं. कालच्या त्या नजरेचा अर्थ आता तिला लागला. त्या माणसाला काही मागायचंच नव्हतं. त्याला बोलायचं होतं. उखाळ्यापाखाळ्या काढायच्या होत्या, कुणाची तरी टोपी उडवायची होती, कालची गोष्ट आज तिखटमीठ लावून सांगायची होती. आणि आपण त्याच्या पुढ्यात काय ठेवलं, तर पेला आणि संडास.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती किल्ली घेऊन सलूनमध्ये गेली. शटर इतके दिवस बंद राहून आखडलं होतं, खांदा लावून वर ढकलावं लागलं. आत साबणाचा आणि दमट टॉवेलांचा वास होता. दारासमोरच्या भिंतीला लांबलचक आरसा, त्यासमोर तीन खुर्च्या: दोन वापरातल्या, तिसरी मागच्या दाराजवळ, टॉवेलांच्या घड्यांनी भरलेली. बाजूच्या भिंतीला बाक. फळीवर कात्र्या, कंगवे, फवाऱ्याची बाटली, साबणाचं भांडं. तिने उंबऱ्यावर उभं राहून सगळं एका चौकटीत मावेल असा फोटो काढला.

मग तिने माणसं गोळा केली. बाकावर बसणारे सगळे: घड्याळं दुरुस्त करणारा, शिंपी, निवृत्त मास्तर, दूधवाला, औषधांच्या दुकानातले जाडे शेठ. तिने फोटो मागितला आणि कुणी नाही म्हटलं नाही. शिंप्याने तर त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही मांडीवर घेतलं. सलूनचा फोटो पहिल्या पानावर. बाकाभोवती एक लांब आकृती. दाबलं की बाकावरची माणसं. प्रत्येक माणसाभोवती त्याच्या खांद्या-डोक्याच्या वळणाने जाणारी आकृती. दाबलं की त्याचं दुकान, त्याचं घर, त्याची माणसं. फळीवर दाबलं की हत्यारं. मागच्या दारावर दाबलं की गल्ली. एका पानातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, आणि प्रत्येक पानावर कोपऱ्यात मागे फिरायला एक वळलेला बाण.

"हे बघा बाबा," तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि ती बाजूला बसली.

सलूनचा फोटो दिसल्याबरोबर रेडिओ ताठ झाले. मग डावा हात माउसवर गेला. बाण थरथरत आरशावरून घसरला, जमिनीवर आला, पुन्हा वर चढला आणि बाकावर पोचला. बाणाचा हात झाला.

"बरं?" ते म्हणाले.

"दाबा ना."

बाकावरची माणसं समोर आली. रेडिओंच्या घशातून एक आवाज निघाला, बुडबुडा फुटावा तसा. ते हसले होते. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. त्यांनी शिंप्याला दाबलं. शिंप्याच्या दुकानातून कुत्र्यावर गेले. कुत्र्यावर बाण ठेवून त्यांनी मान वळवली, दारात उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे बघितलं आणि डाव्या हाताने स्वतःच्या पार्श्वभागावर चापट मारली.

"बरं!"

"अहो, आता ते कशाला!" मुलगा, म्हणजे सूनबाईचा नवरा, लाजून लाल झाला. तो वायरमन होता, उंच शिडीवर न डगमगता चढायचा. पण शाळेत असताना शिंप्याच्या कुत्र्याच्या आईने त्याला नेमकं कुठे चावलं होतं, ही गोष्ट निघाली की त्याची दांडी गुल व्हायची.

"सांगते, मी सांगते," सासूबाई डोळे पुसत पुढे सरसावल्या. "चड्डी शिवायला म्हणून गेला होता, आणि फाडून घेऊन आला..." त्या सांगत होत्या आणि कुठे काही चुकलं की रेडिओ बाण दुसऱ्या माणसावर नेऊन टाकत होते. मास्तरांवर नेला. "हो हो, मास्तरांनी पाहिलं, बरोबर, मास्तरांनी याला उचलून आणलं." गोष्ट तोंडातून सासूबाईंच्या येत होती, पण सांगत होते रेडिओ.

इतकी वर्षं सूनबाईने अशा जागा आखल्या होत्या, त्यांतून कुठल्या तरी अनोळखी मेकॅनिकला झडपेचं पान सापडत असेल एवढंच तिला ठाऊक होतं. पान उघडणारा माणूस तिने कधी पाहिलाच नव्हता. आता तो तिच्या समोर बसला होता, आणि एका फोटोतून वाट काढत, वळसे घेत, घरातल्या सगळ्यांना आपल्या मागे खेचत निघाला होता.

त्यानंतर रोज संध्याकाळी हेच. ती कारखान्यातून यायची, चहा घ्यायची, आणि रेडिओ लॅपटॉप उघडून बसलेले असायचे. शब्दवाल्या बाईही येऊन बघून गेल्या. पुठ्ठ्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पण हळूहळू एक गोष्ट सूनबाईच्या लक्षात यायला लागली. गप्पा झाल्या, हसून झालं, की शेवटी रेडिओ पहिल्या पानावर परतायचे आणि बाण तिसऱ्या खुर्चीवर नेऊन ठेवायचे. टॉवेलांनी भरलेल्या, मागच्या दाराजवळच्या. तिथे बाण बाणच राहायचा. तिने तिथे काही आखलंच नव्हतं. टॉवेल ठेवायच्या खुर्चीला काय पत्ता द्यायचा? रेडिओ दाबायचे. काही व्हायचं नाही. पुन्हा दाबायचे. मग तिच्याकडे बघायचे.

"बरं."

तिला वाटलं, हात चुकतोय. तिने फळीभोवतीची आकृती थोडी मोठी केली. त्याने काही फरक पडला नाही. बाण तिथेच.

"टॉवेल हवेत का? मळलेत, धुवायला आणू?"

"बरं!" हा नकार होता, तेवढं आता घरातल्या सगळ्यांना कळायचं.

"खुर्ची विकायची नाही ना म्हणताय? कोण विकतंय बाबा." हेही नाही.

तिने सासूबाईंना विचारलं. "ती खुर्ची ना? कधी कुणाला बसवलेलं मी तरी पाहिलं नाही. अडगळ आहे. टाकून द्या म्हटलं की खेकसायचे."

शेवटी तिने खुर्चीभोवती नीट टिंबं देत आकृती काढली: पाठ, हात, पाय ठेवायची पट्टी. पत्ता काय द्यावा ते कळेना, म्हणून तिथून सरळ गोळा केलेल्या सगळ्या माणसांच्या पानावर नेलं. यातला कुणी असेल तर दाखवतील. रेडिओंनी खुर्ची दाबली, पान उघडलं, त्यांनी एकेक चेहरा न्याहाळला आणि वळलेल्या बाणाने मागे आले. पुन्हा उघडलं, पुन्हा मागे. चौथ्या की पाचव्या वेळी त्यांनी माउस सोडून दिला आणि डाव्या हाताने स्वतःचे केस मुठीत धरून ओढले.

केस वाढले होते, खरंच. मानेवर रुळत होते, कानांवर आले होते. मुलाने एकदा कात्री घेऊन कापायचा प्रयत्न केला होता, तर रेडिओंनी त्याच्या हातावर फटका मारला होता.

"केस कापायचेत?" सूनबाईने विचारलं.

"बरं!" मान जोरात वर-खाली झाली.

"त्या खुर्चीत बसून?"

"बरं, बरं!"

आणि तेव्हा तिच्या मनात एक प्रश्न आला. इतका साधा प्रश्न, की इतक्या वर्षांत या घरात तो कुणाला पडला नव्हता याचं तिला नवल वाटलं. तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "आई, बाबांचे केस कोण कापायचं?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. "कोण म्हणजे?" सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "स्वतःच कापत असतील. आरसा काय कमी आहे तिथे?"

"मागचे? मानेवरचे?"

सासूबाईंनी नवऱ्याच्या मानेकडे असं पाहिलं, जणू ती मान त्यांना आजच दिसत होती. "बाई गं," त्या म्हणाल्या, "मी कधी विचारलंच नाही."

रेडिओंनी पुन्हा माउस धरला होता. बाण खुर्चीवर नव्हता. तो आरशावर होता. आरशाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे उघड्या दारातून आलेला उजेड होता, तिथे थांबून ते दाबत होते. सूनबाईने तो कोपरा मोठा केला. सगळं धूसर झालं, पण दिसलं: आरशात चौक पडला होता, चौकाच्या पलीकडे एक शटर, शटरवर पाटी, पाटीवरची अक्षरं उलटी. उलटी असली तरी त्या पाटीवरची काढलेली कात्री काही लपत नव्हती.

"पलीकडचा?" ती उडालीच. "पलीकडचा तुमचे केस कापायचा?"

रेडिओंनी डोळे मिटले. दोन्ही गालांवरून पाणी ओघळलं आणि तोंड मात्र हसत होतं. "बरं," ते अगदी हळू म्हणाले.

नवऱ्याला ते पटेना. "अगं, त्याचं तोंड बघायचं नाही बाबांना! भांडायला बोलावत असतील."

"एका हाताने आणि एका शब्दाने भांडणार?" ती म्हणाली. "मी जाऊन येते."

पलीकडच्याच्या सलूनमध्ये तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. तो पाठमोरा उभा राहून कंगवे धूत होता. सूनबाई दारातच थबकली. त्याचे केस कॉलरच्या खाली गेले होते. कानांमागून पांढऱ्या झुबक्यांनी बाहेर आले होते, जंगलात राहून आल्यासारखे. दुसऱ्यांचे केस कापून पोट भरणारा माणूस, चहूकडून आरशांनी वेढलेला, आणि डोक्यावर हे रान! तिला काही विचारायची गरजच उरली नाही.

"काका," ती म्हणाली, "बाबांना केस कापायचेत."

तो वळला. हातातला कंगवा त्याने खाली ठेवला, मग पुन्हा उचलला. "त्याने सांगितलं?"

"हो."

"कसं सांगितलं? त्याची वाचा गेली म्हणतात."

"फोटोत दाखवलं. तिसरी खुर्ची. आणि आरशातलं तुमचं दुकान."

पलीकडचा स्वतःच्याच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. आणि ज्याच्या तोंडून तिने 'किती बारीक' याखेरीज कधी काही ऐकलं नव्हतं, तो माणूस बोलायला लागला. दोघं एकाच गुरूकडे काम शिकले होते. दुकानं समोरासमोर निघाली तेव्हा लोकांना वाटलं भांडतील, तर दोघांनी ठरवून टाकलं, भांडूया. "लोकांना भांडण आवडतं गं. त्याच्यावर रुसलेले माझ्याकडे यायचे, माझ्यावर रुसलेले त्याच्याकडे. बाहेर तिसऱ्या कुणाकडे जायचं नाही कुणी. पण न्हाव्याचे केस न्हाव्यानेच कापायचे, दुसऱ्याला डोकं देववत नाही. दुकानं बंद असायची त्या वारी मी मागच्या गल्लीतून त्याच्याकडे जायचो. आधी मी त्याचे कापायचो, मग तो माझे."

"आणि गप्पा? बाबा तर—"

"तो?" पलीकडचा हसला. "त्या खुर्चीत तो गप्प बसायचा. आठवडाभर बोलून दमलेला असायचा. बोलायचो मी. माझं आठवड्याचं सगळं बोलणं मी तिथे बोलून घ्यायचो. तो नुसता म्हणायचा, बरं."

इतके दिवस घरात सगळे म्हणत होते, की रेडिओंचे सगळे शब्द गेले आणि कसला तरी एक फुटकळ शब्द मागे राहिला. पुढे तिने शब्दवाल्या बाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, माणूस जो शब्द न ठरवता, आपोआप म्हणत असतो, तो कधीकधी वाचतो. का, ते नक्की कुणी सांगू शकत नाही. पण त्या वेळी पलीकडच्याच्या दुकानात उभं असताना सूनबाईला एवढंच जाणवलं, की आपण एका फार मोठ्या गोष्टीच्या दाराशी येऊन उभ्या आहोत आणि आवाज न करता उभं राहायला हवं.

"तुम्ही आला का नाहीत भेटायला?" तिने विचारलं.

"कुठल्या तोंडाने येऊ? अख्ख्या गावाला माहीत आहे आमचं वैर. तुझ्या सासूने दारातून हाकलून दिलं असतं. आणि त्याने मला बोलावलंय हे तो सांगणार कुणाला, कसं?"

बंदच्या वारी सकाळी मुलाने रेडिओंना आधार देत मागच्या गल्लीतून सलूनमध्ये आणलं. सासूबाईही आल्या, नको नको म्हणत. सूनबाईने तिसऱ्या खुर्चीवरचे टॉवेल उचलून बाकावर ठेवले. खाली गादी निघाली, मऊ, बसून बसून मध्ये दबलेली. पलीकडचा आधीच येऊन उभा होता. स्वतःची कात्री घेऊन आला होता.

"ए रेड्या," तो म्हणाला, "काय अवतार केलायस हा?"

सासूबाईंनी चमकून सूनबाईकडे पाहिलं. रेडिओ मात्र असे हसले, की खांदे गदगदले. ते खुर्चीत बसले, पलीकडच्याने गळ्याभोवती कापड बांधलं, फवारा मारला आणि कात्री चालायला लागली. कात्रीबरोबर तोंडही. पाण्याच्या मोटरीचं रडगाणं, धाकट्या मुलाने घेतलेली गाडी, वरच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू, गुडघा. इतक्या आठवड्यांचं साचलेलं सगळं. आणि रेडिओ डोळे मिटून, मान पुढे करून ऐकत होते.

"म्हटलं त्याला, कर्ज फेडणार कोण?"

"बरं."

"तर म्हणतो, तुम्हाला काय करायचंय."

"बरं!"

"मग मीही गप्प बसलो."

"बरं..."

एकही 'बरं' चुकीच्या जागी पडला नाही. तिथे उभं राहून कुणी अनोळखी माणसाने ऐकलं असतं, तर या माणसाला काही झालंय हे त्याला कळलंही नसतं. सासूबाई बाकावर बसून बघत होत्या. "इतकं छान ऐकता येतं यांना," त्या पुटपुटल्या. त्यात थोडा राग होता, पण फारसा नाही.

मग पलीकडचा खुर्चीत बसला. मुलगा पुढे झाला, "काका, राहू द्या, त्यांना जमणार नाही." पलीकडच्याने त्याला हातानेच थांबवलं. रेडिओ काठी बाजूला ठेवून, कमरेने खुर्चीच्या पाठीला रेलून उभे राहिले. डाव्या हातात कात्री. पलीकडच्याने स्वतःच मागे हात नेऊन कंगव्याने केस उचलून धरले आणि रेडिओंनी कापले. तिरके कापले. पुन्हा उचलले, पुन्हा कापले. मोठ्या कष्टाने, श्वास रोखून, एकेक झुबका. वेळ फार लागला. मध्ये कुणी बोललं नाही, पलीकडचाही नाही. पांढरे केस फरशीवर पडत राहिले.

ते डोकं दुसऱ्या दिवशी सगळ्या चौकाने पाहिलं. एक बाजू वर, एक खाली, मागे पायऱ्या. "काका, हे कुणी केलं?" गिऱ्हाइकांनी विचारलं, तेव्हा त्या अबोल माणसाने आयुष्यातलं सर्वांत लांब उत्तर दिलं म्हणतात. संध्याकाळपर्यंत वैराची गोष्ट संपली होती आणि शिंपी, मास्तर, शेठ सगळे रेडिओंच्या घरी येऊन 'आम्हाला आधीच संशय होता' असं एकमेकांना सांगत होते.

रेडिओ पूर्वीसारखे बोलू लागले नाहीत. काही शब्द परत आले, 'चहा', 'चल', सासूबाईंचं नाव, एक-दोन शिव्या. सलून आता पलीकडचाच आठवड्यातून दोन दिवस उघडतो. रेडिओ बाकावर बसतात, मांडीवर लॅपटॉप. सूनबाईची फाईल इतकी फुगली आहे, की उघडायला वेळ घेते. कारखान्यात तिच्या कामात काही बदललं नाही. फक्त पंपाच्या चित्रावर रेघ ओढताना आता ती कधीकधी थांबते आणि हे पान उघडणारा माणूस कसा असेल, याचा विचार करते.

शब्दवाल्या बाईंनी तिला आणखी काही घरांत नेलं. परवा एका बाईंकडे गेली होती. त्या कपड्यांच्या गिरणीत काम करायच्या, आता शब्द नाहीत. त्यांचे यजमान उत्साहाने सांगत होते, हिला देवाचा फोटो आवडतो, नातवंडं आवडतात, तिथे तिथे चौकोन काढा. सूनबाईने मान डोलावली, पण आखलं काहीच नाही. तिने दारात उभं राहून त्यांच्या खोलीचा एक मोठा फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला, आणि तसाच कोरा त्यांच्यापुढे ठेवला.

"यात तर काहीच दाबलं जात नाही," यजमान म्हणाले.

"आधी त्यांना दाबू दे," सूनबाई म्हणाली. "मग मी जागा काढते."

बाईंनी माउसवर हात ठेवला. देव सोडून, नातवंडं सोडून बाण हळूहळू खिडकीकडे निघाला, आणि सूनबाई बघत राहिली.